भांगाचे दिवस

माझी जाऊ भिंतीवरचं कॅलेंडर बघून समुद्र सांगायची. बदलापुरात, तिसऱ्या मजल्यावर, जिथल्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले टॉवेल सोडले तर काही दिसत नाही. ती सकाळी चहाचा कप घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "आज पंचमी. पावणेचारला भरती." ते ऐकलं की माझी सातवीतली मुलगी लगेच डोकं वर काढायची, "काकू, तुला कसं कळतं गं?"

आता मी कोण, ते सांगते. मी उल्हासनगरच्या एका शाळेत चौदा वर्षं भूगोल शिकवते. सातवीला भरती-ओहोटीचा धडा आहे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, सूर्याचं गुरुत्वाकर्षण, पृथ्वीचं फिरणं, सगळं मी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी काढते. एका भरतीनंतर दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी का येते, ते मला झोपेतून उठवून विचारा. पण माझ्या पोटच्या पोरीने मला ते एकदाही विचारलं नव्हतं. तिने विचारलं ते बी.कॉम. झालेल्या, एका खाजगी ऑफिसात बिलं करणाऱ्या काकूला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते मी घरात बसून बघत होते.

मी जळायचे. शोभत नाही, कळतं मला, पण जळायचे हे खरं आहे.

जाऊ दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. अलिबागच्या पुढे समुद्राला लागून तिचं गाव. वडील मच्छीमार, आई ओहोटीला खडकांवर जाऊन कालवं काढते. धाकट्या दिरांनी ऑफिसातच जमवलं. सासूबाई आधी जरा कुरकुरल्या, आणि मग त्यांचं मन कशाने जिंकलं माहितीये? पाऊणकीने!

झालं असं, की मुलीने फारच पिच्छा पुरवला तेव्हा जावेने गुपित सांगितलं. "काही नाही गं, आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तेवढे वाजले की भरती. पंचमी ना? पाचाची पाऊणपट पावणेचार. अष्टमीला सहा." हे ऐकून आतल्या खोलीत शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला, "बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन, चोक पाऊण तीन..." सासूबाई पालेगावच्या. तिथल्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आणि पावकी, निमकी, पाऊणकी मास्तरांच्या छडीखाली पाठ केली. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांत त्यांना ती कोणी विचारली नव्हती. त्या मांडीवरचं शेंगांचं सूप घेऊनच बाहेर आल्या. दोघी कॅलेंडरखाली उभ्या राहून पाऊणकी म्हणत होत्या आणि मधे माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. मी कॅलक्युलेटरच्या पिढीतली. मला सोळाच्या पुढे पाढे येत नाहीत.

मी गुपचूप मोबाईलवर मुंबईच्या भरतीची वेळ बघितली. तीन वाजून बावन्न मिनिटं. म्हणजे बाईचं गणित सात मिनिटांनी चुकलं होतं, आणि ते सात मिनिटांचं समाधानही मला टिकवता आलं नाही. मी म्हटलं, "बरोबर येतं ते चंद्रामुळे. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीपण तेवढीच पुढे सरकते. तुमचा एका तिथीचा पाऊण तास म्हणजे तेच." कोणी ऐकलं नाही. मुलीने फक्त विचारलं, "आई, तू भरती चढताना बघितली आहेस का कधी?"

बघितली होती, सहलीला. चाळीस मुलांची हजेरी घेत.

त्या दिवसापासून फ्रिजवर रोज एक चिठ्ठी लागायला लागली. मुलीच्या अक्षरात तिथी, भरती, ओहोटी. केसांना तेल लावून घ्यायला ती काकूपुढे बसायची. मराठीचा निबंध काकूला वाचून दाखवायची. मी शाळेतून थकून यायचे तर दोघींच्या हसण्याचा आवाज जिन्यातच यायचा, आणि मी दार उघडलं की हसणं थोडं कमी व्हायचं. कदाचित व्हायचंही नसेल. पण मला तसं वाटायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

कहर झाला पावसाळ्यात. आमची सोसायटी नदीपासून फार लांब नाही. दोन दिवस पाऊस लागून राहिला की पार्किंगमध्ये माणसं जमतात, गाड्या कुठे हलवायच्या याची चर्चा होते. त्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'आज मोठी भरती' असा मेसेज फिरत होता. सेक्रेटरी छत्री घेऊन वर आले. मी दार उघडलं आणि म्हटलं, "भरतीचं पाणी बदलापूरपर्यंत येत नाही. ते खाली खाडीतच थांबतं. पण खाडी भरलेली असली की वरून येणाऱ्या नदीच्या पाण्याला जायला जागा राहत नाही, म्हणून..." ते म्हणाले, "टीचर, ते राहू दे हो. वहिनी आहेत का घरात?" वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसला, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "पाऊण वाजता भरती. एकदीडनंतर उतरायला लागेल बघा." सेक्रेटरी खूश. खाली जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, वहिनींनी दीड सांगितलाय. चौदा वर्षं भूगोल मी शिकवते आणि दीड सांगितला वहिनींनी!

नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या माझ्या. त्यात तिला दिवस गेले. मग तर काय, घरात तिच्याशिवाय विषयच नाही. सासूबाई तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळायच्या. मला माझ्या वेळी कोणी वळले होते असं आठवेना. नंतर आठवलं, सासूबाईंनीच वळले होते, दोन किलोचे. पण जळणाऱ्या माणसाला असलं वेळेवर आठवत नाही.

सातवा लागला की ओटी भरून तिला माहेरी पाठवायचं, पहिलं बाळंतपण तिकडेच करायचं, हे आधीच ठरलं होतं. ती दिवस मोजत होती. तिने कपाटातली बॅगपण काढून ठेवली होती. वडील न्यायला येणार होते, आणि ते कधी येणार हेसुद्धा तिथीनेच ठरलं होतं. पुढच्या पंधरवड्यातल्या अष्टमीला.

आणि त्याच्या आधीच्या नवमीला ते झालं.

शनिवार होता, मी लवकर घरी आले होते. जाऊ गॅलरीत फोनवर बोलत होती. मी आत धुतलेले कपडे घडी करत होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण कान बंद करून घेतले होते असंही नाही. ती हसत हसत म्हणत होती, "भांगाचे दिवस आहेत ना बाबा, मग पडून राहा की राजासारखे. आईच्या बोलण्याकडे कशाला लक्ष देता? तिचं नेहमीचंच आहे." मग पलीकडचं काही तरी ऐकून आणखी हसली. "चार दिवस भांगाचे, मग आहेच तुमचं!"

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. अगं बाई! म्हणजे हिचा बाप भांग घेतो. चार-चार दिवस पडून असतो. आई कटकट करते आणि ही हसून त्याला चढवते. तेव्हा मला धक्का बसला, वाईट वाटलं, असं काही झालं नाही. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. उन्हातून आल्यावर कोणी माठातलं पाणी हातात द्यावं, तसं बरं वाटलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळी सासूबाईंबरोबर मेथी निवडायला बसले आणि सांगून टाकलं. वर हेही म्हटलं की "जाऊ दे आई, आपल्याला काय करायचंय, ज्याचं त्याच्यापाशी." सासूबाईंच्या थोरल्या भावाने दारूपायी पालेगावची जमीन घालवली, बायकोचे हाल केले आणि स्वतः चाळिशीत गेला. घरात नशेचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्यांना सांगितलं, असंही कोणी म्हणेल तर मी भांडणार नाही. त्यांचे हात चालूच होते. मेथीच्या काड्या मात्र पानांच्या ढिगात टाकत राहिल्या.

तीन दिवसांनी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "बाळंतपण इथेच होईल. उल्हासनगरात चांगले डॉक्टर सोडून त्या खेड्यात कशाला जायचं? रात्री-बेरात्री काही झालं तर?" जावेचा घास हातातच राहिला. दीर म्हणाले, "अगं आई, पण ठरलं होतं ना?" सासूबाई म्हणाल्या, "ठरवलेलं बदलता येतं." आणि त्यांनी वाटीतलं वरण भातावर ओतलं. कारण विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. कारण फक्त मला माहीत होतं, आणि मी लोणच्याची बरणी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली, पोटावर हात ठेवून. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना आईंना. तुमचं त्या ऐकतात." मी म्हटलं, "बघते." ती म्हणाली, "मला डॉक्टरबिक्टर सगळं कळतं हो. पण मला आई पाहिजे. मी रोज भरती का बघते माहितीये? ओहोटीला आई कालवं काढायला जाते, फोन घरी ठेवून जाते, पाण्यात पडेल म्हणून. पाणी चढायला लागलं की घरी येते. मग मला फोन करता येतो. रोज वेळ बदलते ना, म्हणून बघून ठेवते." आणि रडायला लागली.

म्हणजे ते ज्ञान मिरवणं नव्हतं. ती घड्याळाऐवजी भरती बघत होती, आईच्या वेळेसाठी. माझं माहेर कुळगावात, रिक्षाने दहा मिनिटं. तिथे जाऊन मला तीन महिने झाले होते.

त्याच क्षणी मी तिला विचारू शकले असते. "अगं, तुझे वडील खरंच घेतात का गं?" एवढंच विचारायचं होतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. माझ्याकडे आली, मुलीकडे नाही, सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे आली, हे मला गोड वाटत होतं. मी पुन्हा म्हटलं, "बघते हं मी." आणि पुढचे दहा दिवस काहीही बघितलं नाही.

अष्टमीच्या दिवशी मी शाळेत होते. मधली सुट्टी संपून सातवीचा तास. भरती-ओहोटीचाच धडा, दरवर्षी याच सुमाराला येतो. मी फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, सूर्य काढला. अमावस्या-पौर्णिमेला तिघं एका रेषेत, दोघांची ओढ एकाच दिशेने, पाणी जास्त चढतं, ती उधाणाची भरती. मग चंद्र पुसून बाजूला काढला. अष्टमीला चंद्र आणि सूर्य काटकोनात. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे, म्हणून पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ती...

"भांगाची भरती," मी लिहिलं.

मागच्या बाकावर खुसखुस. आमच्या शाळेत सगळ्या भाषांची मुलं आहेत, घरी सिंधी, बाजारात हिंदी, वर्गात मराठी. एक सिंधी मुलगी उभी राहिली, डोळ्यांत मिश्किली. "टीचर, भांग मतलब वो होलीवाली? समुंदर भी पीता है क्या?" सगळा वर्ग फुटला. दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच. आणि दरवर्षी मी जे उत्तर देते तेच तोंडातून आलं, पाठ झाल्यासारखं, "नीट वाचा. भांगाची, भांगेची नव्हे. ती भांग स्त्रीलिंगी, तिचं भांगेची होतं. हा भांग पुल्लिंगी, याचं भांगाची. एका मात्रेने अर्थ बदलतो, म्हणून कान उघडे ठेवून ऐकत जा."

खडू माझ्या हातात तसाच राहिला.

भांगाचे दिवस आहेत ना बाबा. भांगाचे. तिने स्वच्छ भांगाचे म्हटलं होतं. मात्रा मी लावली होती. पाण्याला ओढ नसते म्हणून ते दिवस जाळी टाकत नाहीत, माणसं घरी पडून राहतात. म्हणून तर तिचे वडील अष्टमीला यायचे होते! चौदा वर्षं मी हा शब्द शिकवतेय, चौदा वर्षं पोरांना कान उघडे ठेवा म्हणून ओरडतेय.

मी मुख्याध्यापिकांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दोन रिक्षा बदलून घरी पोचले तेव्हा दारात पुरुषाच्या चपला दिसल्या.

पाठवणार नाही असा निरोप जाऊनही तिचे वडील ठरल्या तिथीला आले होते. सोफ्याच्या कडेवर बसले होते, पायाशी सुक्या बोंबलांची पिशवी. स्वच्छ पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. समोर पाण्याचा पेला. चहा नव्हता. आमच्या घरात कुरिअरवालासुद्धा पाऊस असला तर चहा घेऊन जातो. सासूबाई त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या, जाऊ दाराला टेकून उभी होती, माझी मुलगी तिच्या शेजारी. आणि तो माणूस हात जोडून म्हणत होता, "ताई, आमचं काय चुकलं असल तर सांगा. पोरीची आय दिवसभर वाट बघून राह्यलीय."

मी चपलाही काढल्या नव्हत्या. म्हटलं, "आई, ते भांग घेत नाहीत."

सासूबाई गोंधळल्या. जाऊ म्हणाली, "कोण भांग घेतं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. गॅलरी, फोन, मेथी. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. तिचे वडील आधी हसले, मोठ्याने, "अरे देवा! भांग म्हंजी आमची सुट्टी हो ताई, पाणीच चालत नाय." आणि मग खोलीत आणखी कोणी हसत नाहीये हे बघून पायाशी ठेवलेली पिशवी नीट करायला लागले. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून आल्याचा वास आला तेवढ्यावरून चहा टाकलाय हे कळलं.

मी जावेला म्हटलं, "माझ्या ऐकण्यात चूक झाली गं."

ती माझ्याकडे बघत होती. तिला राग आलेला दिसत नव्हता, तो आला असता तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "मी तुमच्या खोलीत येऊन रडले, तेव्हा मला का नाही विचारलंत?"

माझ्याकडे उत्तर होतं. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मी म्हटलं. "आणि मला ते नाही नको होतं. मी जळत होते तुझ्यावर."

माझी मुलगी एकदम बोलली, "आई, पण तू शिकवतेस तो धडा. तुला तर माहीत होतं." ती भांडत नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं, आणि ती नेहमीसारखी शंका विचारत होती. त्या दोन वर्षांत तिने मला त्या धड्याबद्दल विचारलेली ती पहिली शंका. मी वाकून चपला काढल्या.

चहा झाला. सासूबाईंनी स्वतः ओटी भरली, डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत ठेवला, तिच्या वडिलांना दोनदा म्हणाल्या, "राग मानू नका." जाऊ सासूबाईंच्या पाया पडली. मला म्हणाली, "येते, ताई." बॅग तिच्या वडिलांनी घेतली. माझी मुलगी काकूला जिना उतरताना आधार द्यायला निघाली. कोणी सांगितलं नव्हतं.

मी कठड्यावरून वाकून बघितलं. दुसऱ्या मजल्यावर जाऊ दम खायला थांबली होती, आणि माझी मुलगी तिच्या पोटाला कान लावून आतल्या बाळाशी काहीतरी बोलत होती. माझी चूक मी सगळ्यांसमोर कबूल केली होती, बाई आपल्या आईकडे निघाली होती, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं. आणि मी वरून बघत होते आणि अजून जळत होते.